ये, या, यावे

आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी हल्ली पुण्यास राहून स्पॅनिश भाषेचा अभ्यास करीत आहे. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत तो धुळ्यास घरी आला होता, तेव्हा आवर्जून मला भेटावयास आला. बोलता बोलता म्हणाला, "सर, चार महिने झाले; परंतु मित्राला 'घरी ये' म्हणून कसे सांगावे, एवढ्यापाशीच माझे घोडे अडते." मला हसू आले. ज्याला परक्या देशाचे ग्रंथ वाचावयाचे आहेत त्याने एका इवल्याशा शब्दाशी अडावे, हे विचित्रच म्हणावयाचे! त्याने वही उघडून माझ्यापुढे ठेवली मात्र, माझे हसू ओसरले. त्या वहीत मला आपल्या मराठीचेच एक कोडे दिसू लागले. ते आमच्या विद्यार्थ्यांना व त्यांच्या पालकांना सांगावे म्हणून हा लेख लिहीत आहे.

स्पॅनिश भाषेत 'येणे' या अर्थाचे क्रियापद 'बेनीर' असे आहे. बरोबरीच्या मित्राला, भावंडाला किंवा लहान मुलाला बोलवावयाचे असल्यास नुसते 'बेन' म्हणावयाचे. नेहमीच्या नियमाने जे रूप व्हावे ते न होता झाडाच्या फांद्या छाटून बुंधाच तेवढा ठेवावा तसे हे रूप आहे. असे आखूड आज्ञार्थ त्या भाषेत आठ क्रियापदांचे आहेत आणि आठही रोजच्या वापरातील आहेत; वारंवार हाताळलेले नाणे झिजते, तसाच हा प्रकार असावा. 'बेन आ मी कासा' म्हणजे 'माझ्या घरी ये', आणि 'बेन आ कोमेर' म्हणजे 'जेवावयास ये'. पाहुणा उंबरठ्याशी आला की 'पासा', म्हणजे 'आत ये'. येथवर सोपे आहे. परंतु मित्र दोन असले तर स्पेन देशात 'बेनिद' म्हणतात, आणि मेक्सिको, पेरू इत्यादी अमेरिकेतील देशांत 'बेंगान'. अर्जेंटिना देशात तर एकट्या मित्रालाही 'बेन' न म्हणता 'बेनी' म्हणतात. आणि 'येऊ नको' म्हणावयाचे झाल्यास 'बेन' हे रूप मुळीच चालत नाही. 'नो बेंगास' असे निराळेच रूप घ्यावे लागते. माझ्या विद्यार्थ्याचे घोडे अडले ते याच चिखलात.

मी त्याला म्हटले, "अरे, आपल्याकडे तरी काय निराळे आहे? 'ये' याच्या उलट आपण 'ये नाही' असे म्हणतो काय? 'येऊ नको' असे दुसऱ्याच घडणीचे वाक्य करतो." तो क्षणभर गप्प राहिला. जन्मापासून जे आपण बोलतो त्याचे व्याकरण आपणांस परक्या भाषेच्या आरशातच दिसते, असा माझा पुष्कळ वर्षांचा अनुभव आहे.

याहून मौजेची गोष्ट आदराच्या रूपाची. वडील माणसाला स्पॅनिश भाषेत 'बेंगा' म्हणतात. हे खरे पाहता द्वितीय पुरुषाचे रूपच नव्हे. 'तो येवो' या अर्थाचे ते तृतीय पुरुषाचे रूप आहे. आदरार्थी 'आपण' या अर्थाचा त्यांचा शब्द 'उस्तेद'. तो 'बुएस्त्रा मेर्सेद', म्हणजे 'आपली कृपा', या दोन शब्दांचा झिजून झालेला आहे. म्हणजे 'तू ये' असे तोंडावर न म्हणता 'आपली कृपा इकडे येवो' असे आडून म्हणावयाचे. आता आपले 'यावे' पाहा. 'ये' आणि 'या' हे आज्ञार्थ. 'यावे' हा विध्यर्थ. 'ये' म्हणताना आपण समोरच्या माणसाकडे सरळ पाहतो. 'यावे' म्हणताना दृष्टी थोडी खाली करून, येणे ही गोष्ट घडावी एवढेच बोलतो. हजारो कोसांवरच्या दोन भाषांनी, एकमेकींस न विचारता, आदर दाखविण्याची एकच युक्ती काढली आहे.

मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ साली प्रसिद्ध झाले. तेव्हापासून आजपर्यंत शाळेत आपण 'आज्ञार्थ' हा शब्द शिकत आणि शिकवीत आलो आहोत. परंतु या नावाने एक गैरसमज होतो. 'ये, दोन घास खा' यात आज्ञा कोठे आहे? आज्ञार्थाच्या रूपाने आपण हुकूम क्वचित करतो. विनवणी, आग्रह, लाड आणि आशीर्वाद मात्र रोज करतो. त्यांतील नेमके काय केले, हे रूपावरून कळत नाही. मागे लावलेल्या एखाद्या अक्षरावरून कळते. 'ये', 'ये ना', 'ये बरे', 'ये की', 'ये रे', 'ये गं' हे सहा उच्चार एकाच माणसाला करून पाहावेत. व्याकरणाच्या दृष्टीने क्रियापद तेच, पण सहा वेळा त्या माणसाचा चेहरा निराळा होईल. जळगावकडे 'ये भो' म्हटले की त्यात पाठीवर पडलेली थापही ऐकू येते.

'ये' कोणाला आणि 'या' कोणाला, याचा वयाशी संबंध आहे असे मुले समजतात. तसे असते तर आईला 'या' म्हणावे लागले असते. पुष्कळ मराठी घरांत 'आई, ये' आणि 'बाबा, या' असेच चालते. आजी 'ये' आणि आजोबा 'या'. पत्नीने पतीला 'या' म्हणावयाचे, पतीने तिला 'ये'. देवाला तर सर्वांत वडील म्हणावयाचे. पण संतांनी विठ्ठलाला हाक मारली ती एकेरीच, आणि आमच्या प्रार्थनेतही परमेश्वर 'तू'च आहे. तेव्हा एकेरी शब्द दोन ठिकाणी येतो: जेथे माया फार आहे तेथे, आणि जेथे किंमत कमी लेखली आहे तेथे. सावकार म्हाताऱ्या शेतमजुराला 'ये रे' म्हणतो, आणि नातू आजीला 'ये गं' म्हणतो. रूप एकच, एकाने मान खाली जाते, दुसऱ्याने मांडी मिळते.

आमच्या खानदेशात याला आणखी एक पदर आहे. जॉर्ज ग्रियर्सन यांनी भारतातील भाषांची जी मोठी पाहणी प्रसिद्ध केली, तिच्या १९०७ साली निघालेल्या एका भागात खानदेशी बोली मराठीबरोबर न ठेवता भिल्ली बोलींच्या शेजारी बसविली आहे. ते योग्य की अयोग्य, हा वाद येथे नको. परंतु अहिराणीचे गुजरातीशी नाते आहे, हे बोलावण्याच्या शब्दातच दिसते. गुजराती माणूस निरोप घेताना 'आवजो' म्हणतो. अहिराणी माणूस 'येजो' म्हणतो. 'ये' म्हणजे आत्ता ये; 'येजो' म्हणजे पुढे, वेळ येईल तेव्हा ये. प्रमाण मराठीत हा भेद दाखविण्यास असे सुटसुटीत रूप उरलेले नाही. आपण 'ये हं', 'येशील ना?' असे काहीतरी करून वेळ मारून नेतो. 'आखाजीले येजो' या दोन शब्दांत किती मावले आहे पाहा! अक्षय्य तृतीयेस सासरची लेक माहेरी यावयाची, भाऊ मुराळी होऊन तिला आणावयास जावयाचा, खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आंब्याचा रस व्हावयाचा, झोके बांधावयाचे. 'येजो' म्हणणाऱ्या आईला ठाऊक असते की येणे लेकीच्या हाती नाही. तरीही ती म्हणते. मग महिनेन् महिने तो शब्द लेकीच्या कानात राहतो. अहिराणी ही अशुद्ध मराठी होय, असे समजणाऱ्या माझ्या काही विद्यार्थ्यांनी या एका 'जो'चा विचार करावा.

बोलावणे आणि उत्तर यांची जोडीही पाहण्यासारखी आहे. स्पॅनिश आईने आतून 'बेन' अशी हाक मारली तर मुलगा 'या बोई' म्हणतो. त्यातील 'या' म्हणजे 'आत्ता', आणि 'बोई' म्हणजे, आश्चर्य वाटेल, 'जातो'! तो आपल्या जागेवरून पाहतो, म्हणून आईकडे जाणे त्याला जाणेच वाटते. इंग्रज मुलगा 'येतो आहे' म्हणतो. आणि आपला? तो अंथरुणातून पाय न काढता 'आलो!' म्हणतो, तोही भूतकाळात. येणे घडण्यापूर्वीच घडून गेलेले असते. (पालकांना याचे उदाहरण शोधावे लागणार नाही.)

निघतानाचा प्रकार याहून सुंदर आहे. आपल्या घरातून पाहुणा निघाला की 'जातो' म्हणत नाही. ते अशुभ मानतात. तो म्हणतो, 'येतो.' यजमान म्हणतो, 'या.' सकाळी दारात याच 'या'ने त्याचे स्वागत झालेले असते. संध्याकाळी त्याच शब्दाने निरोप होतो. परदेशी माणसाला हे समजाविणे कठीण जाईल. तसेच 'या जेवायला' हे. शेताच्या बांधावर कोणी भाकरी सोडून बसला असेल आणि वाटसरू जवळून गेला, तर हे शब्द तोंडातून निघालेच पाहिजेत. आणि वाटसरूनेही 'होऊ द्या, होऊ द्या' म्हणून पुढे गेले पाहिजे. येथे बोलावणे खोटे नाही आणि नाकारणेही उद्धट नाही. मात्र हिवाळ्यात जळगावच्या शेतात कोणी 'भरीत खायला या' म्हणाला, तर ते खरोखरीचे बोलावणे समजावे आणि जावे! लग्नाच्या छापील पत्रिकेत 'अगत्य येण्याचे करावे' असे असते, तरी मंडळी रुसतात: "पत्रिका आली, पण बोलावणे कोठे आले?" कागदावरच्या 'यावे'ला तोंडच्या 'या'ची सर येत नाही.

हे सर्व मला ठाऊक होते असे मात्र नाही. मी नवाच नोकरीस लागलो होतो, तेव्हाची गोष्ट. वसतिगृहात साक्री तालुक्यातील एका खेड्याचा मुलगा होता. स्नेहसंमेलनास येण्याविषयी वडिलांस पत्र लिहा, असा मी वर्गास पाठ दिला. ही पत्रे पुढे टपालात जावयाची होती. त्या मुलाने लिहिले, 'बाबा, तू ये.' शेजारच्या मुलाने ते मोठ्याने वाचले आणि वर्ग हसला. मी तांबड्या शाईने ती ओळ खोडली व वर लिहिले, 'आपण अगत्य येण्याची कृपा करावी.' मुलाने मुकाट्याने पत्र पुन्हा लिहिले.

वडिलांना वाचता येत नव्हते. गावातील दुकानदाराने ते वाचून दाखविले. आपला मुलगा असे बोलणार नाही, तेव्हा हे पत्र शाळेनेच घातलेले दिसते; मुलाने काही आगळीक केली असेल, किंवा फी राहिली असेल, असे त्यांनी ठरविले. संमेलनाच्या दोन दिवस आधी मुलाचे मामा रुमालात पैसे बांधून माझ्यापुढे उभे राहिले व हात जोडून विचारू लागले, "पोराचं काय चुकलं, सर?" मला उत्तर देता येईना. संमेलनाच्या दिवशी वडील आले नाहीत. मी मुलाची समजूत घालू लागलो, तेव्हा तो एवढेच म्हणाला, "सर, आम्ही घरी असं बोलत नाही."

पुढच्या वर्षी त्याच मुलाचे पत्र माझ्या हाती आले. 'बाबा, तू ये. मी नाटकात आहे.' तांबडी शाई मी टेबलाच्या खणात ठेवली आणि पाकीट बंद केले.

वडील आले. धुतलेले धोतर, डोक्यावर टोपी. फाटकाशी थबकून उभे होते. मी पुढे होऊन म्हटले, "या, अण्णा." रात्री नाटक संपल्यावर ते मुलाच्या खांद्यावर हात ठेवून माझ्याकडे आले आणि म्हणाले, "येतो, सर." मी म्हटले, "या."