रुमाल सोडल्याशिवाय रद्दी घालू नका

पुनर्विकासाचा करार झाला, जागा खाली करायची तारीख ठरली, की पुण्याच्या पेठेतल्या जुन्या घरातून पहिला फोन जातो तो रद्दीवाल्याला. चार पिढ्यांचं सामान दोन-अडीच खोल्यांच्या फ्लॅटमध्ये मावणार नाही, हे उघडच असतं. मुलगा बंगळुरूहून रजा काढून आलेला असतो आणि माळा रिकामा झाला म्हणजे काम सरकलं, असं सगळ्यांना वाटतं. माझं म्हणणं असं, की माळ्याला हात सर्वांत शेवटी लावावा. आधी घरातल्या वडीलधाऱ्यांजवळ वही घेऊन बसावं. हंडा विकत मिळतो. पण तो कुणाच्या लग्नात आला, फोटोत उजवीकडे उभी असलेली बाई कोण, ट्रंकेतला कागद कुठल्या जमिनीचा, हे फक्त पंच्याऐंशीच्या आजींना ठाऊक असतं, आणि तारखेच्या गडबडीत त्यांना कुणी विचारत नाही.

सुरुवात कागदांपासून. खरेदीखत, मालमत्ता पत्रक, गावाकडच्या जमिनीचा सातबारा, मृत्युपत्र, मृत्यूचे दाखले एका पिशवीत घालावेत आणि ती पिशवी टेम्पोत न टाकता हातात न्यावी. आजोबांनी कधीकाळी घेतलेले कागदी शेअर जुन्या फायलींत हमखास निघतात. एप्रिल २०१९ पासून असे शेअर कागदी रूपात दुसऱ्याच्या नावावर विकता येत नाहीत, पण म्हणून ते रद्दी झालेले नाहीत. वारसांना कागदपत्रं देऊन ते डीमॅट करून घेता येतात. सलग सात वर्षं लाभांश कुणीच घेतला नसेल, तर शेअर केंद्र सरकारच्या गुंतवणूकदार संरक्षण निधीकडे गेलेले असतात, आणि तिथूनही ते परत मागता येतात. बँकेचंही तसंच आहे. दहा वर्षं व्यवहार न झालेल्या खात्यातली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होते, तरी तिच्यावरचा वारसांचा हक्क जात नाही. अशी खाती शोधायला ‘उद्गम’ हे संकेतस्थळ आहे. म्हणजे फाटकं पासबुकसुद्धा खात्याचा नंबर आणि शाखा उतरवून घेतल्याशिवाय टाकायचं नाही.

यानंतर रुमाल. जुन्या घरांत कागद फडक्यात बांधून ठेवत, त्या गाठोड्याला रुमाल म्हणतात. सोडून पाहिला तर आत वरच्या आडव्या रेघेला लोंबल्यासारखी, एकमेकांत गुंतलेली अक्षरं दिसतात. ती मोडी. मराठीचे व्यवहार विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या लिपीत होत होते, त्यामुळे रुमालात वाटणीपत्र असेल, सावकाराचा हिशेब असेल किंवा साधं ख्यालीखुशालीचं पत्रही असेल. वाचता येत नाही म्हणून ते फेकणं माझ्या फार जिवाला लागतं. वि. का. राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, तो वाईतल्या एका घरात सापडलेल्या पत्रांतून. पानिपतच्या मोहिमेची बातमी अशा खासगी दप्तरात पडून होती. पुढे १९१० मध्ये त्यांनी खं. चिं. मेहेंदळ्यांबरोबर पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं. तिथे आजही असे कागद जपले जातात. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठांतल्या कितीतरी घरांची दप्तरं एका दिवसात चिखल झाली. जी वाचली ती आपणच रद्दीत घालू नयेत.

रुमालातल्या कागदांना लॅमिनेशन करू नका, सेलोटेप लावू नका. टाचण्या आणि रबरबँड काढा, मोबाइलवर उजेडात सरळ वरून फोटो घ्या आणि स्वच्छ सुती कापडात परत बांधा. मोडी वाचणारं कुणी मिळेपर्यंत एवढं पुरे.

फोटोंवर नावं मागच्या बाजूला, मऊ शिसपेन्सिलीने, कडेला लिहावीत. बॉलपेनचा उठाव पुढे येतो. नव्या, गुळगुळीत कागदाच्या फोटोवर पेन्सिल उमटत नाही, तेव्हा पाकिटावर लिहावं. चिकट पानांचे आणि वर प्लास्टिक असलेले अल्बम मात्र लगेच रिकामे करावेत, कारण त्यांतला गोंद फोटो पिवळे पाडतो. फोटो ओढून काढू नये, खालून दोरा सरकवून सोडवावा.

आता भांडी. बंब, घंगाळ, फिरकीचा तांब्या, पितळी डबे हे सगळं मोडीच्या भावात किलोवर जातं, आणि बरंचसं जायलाही हरकत नाही. पण दिनकर केळकरांनी लोकांच्या घरांतले अडकित्ते, दिवे, दौती आणि पाय घासायच्या वज्र्या गोळा केल्या, म्हणून आज राजा दिनकर केळकर संग्रहालयात वीस हजारांवर वस्तू आहेत. त्यांचं संग्रहालय लहानपणी गेलेल्या त्यांच्या मुलाच्या, राजाच्या नावाचं. वजनकाट्यावर अडकित्त्याची घडण मोजली जात नाही. तेव्हा कोरीव कामाची वस्तू मोडीत घालण्याआधी निदान जाणकाराला दाखवावी.

इथे एक कायदा लक्षात हवा. १९७२ च्या पुरातन वस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी मूर्ती, चित्र किंवा कलाकुसरीची वस्तू पुरातन ठरू शकते. हस्तलिखितांसाठी ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. काही प्रकारांची नोंदणी करावी लागते, विक्रीचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही आणि खासगी व्यक्तीला अशी वस्तू देशाबाहेर नेता येत नाही. अमेरिकेतल्या लेकीच्या बॅगेत देवघरातली जुनी मूर्ती प्रेमाने घालण्याआधी हे तपासून घ्यावं.

जुन्या शालूंची जर बहुधा चांदीची असते, आणि जर घेणारे दारावर येतात. त्यांना देण्याआधी पदर तरी कापून ठेवावा. सागवानी कपाटांचं काम सोपं आहे: नव्या फ्लॅटच्या दाराची, लिफ्टची आणि छताची मापं घ्यावीत. जुनी कपाटं खुंट्यांवर जोडलेली असतील तर जुना सुतार ती सुटी करून देतो. जे बसत नाही ते बुधवारी किंवा रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात जाईल. पुस्तकं ग्रंथालयाच्या दारात नेऊन टाकू नयेत. आधी यादी पाठवावी, कारण ग्रंथालयांकडेही जागेची टंचाई आहे.

सर्वांत अवघड असतो देव्हारा. देवांचे टाक तीन भावांपैकी कुणाकडे जाणार, हे तारखेच्या आदल्या रात्री ठरवायला गेलं की वर्षानुवर्षं न मिटणारी कटुता येते. म्हणून सगळे भाऊ-बहिणी एकत्र असतील तेव्हा, आजींसमोर, हे बोलून घ्यावं. आणि त्याच बैठकीत कुळाचारही लिहून घ्यावा: कुलदैवत कुठलं, नवरात्रात घटाला कुठली धान्यं, बोडण कधी भरतात, नैवेद्याला काय चालत नाही. टाक एकाच घरी जातील, पण त्या वहीच्या तीन प्रती काढता येतात.