बांधावरचे बालपण आणि कृषी पदवीची वाट

महात्मा जोतीराव फुले यांनी 1882 मध्ये हंटर आयोगापुढे केलेल्या निवेदनात प्राथमिक शाळेतच शेतीचे प्राथमिक ज्ञान द्यावे, अशी मागणी केली होती. त्यानंतर पुण्याचे कृषी महाविद्यालय उभे राहिले, 1968 ते 1972 या काळात राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथे चार कृषी विद्यापीठे झाली आणि उच्च शिक्षणाचा डोलारा विस्तारला. मात्र या महाविद्यालयांच्या दारापर्यंत विद्यार्थी कोणत्या अनुभवांची शिदोरी घेऊन येतो, याचा विचार त्या मानाने फार थोडा झाला.

अल्बर्ट बांडुरा यांनी 1977 मध्ये मांडलेली ‘स्वक्षमतेची’ संकल्पना, म्हणजे एखादे काम आपल्याला साधेल असा माणसाचा स्वतःविषयीचा विश्वास, येथे उपयोगी पडते. कारण हा विश्वास मुख्यतः स्वतः करून पाहिलेल्या व जमलेल्या कामातून येतो, आणि लेंट, ब्राउन व हॅकेट यांनी 1994 मध्ये त्याच्याच आधारे व्यवसायनिवडीची उपपत्ती मांडली. ज्या मुलाला घरच्यांनी वाफाभर जागा देऊन मेथी पेरू दिली, उगवण कमी का झाली हे त्याचे त्याला शोधू दिले, त्याला शेती हा विचार करण्याजोगा विषय वाटतो. उलट ज्याच्या वाट्याला केवळ खुरपणी आणि रात्रीची वीज आल्यावर पिकाला पाणी देणे आले, त्याच्या मनात तेच शेत थकव्याची आठवण होऊन राहते. बाजार समितीतून आलेली विक्रीची पट्टी, जिच्यात हमाली-तोलाई वजा जाता हाती उरलेली रक्कम लिहिलेली असते, ती वाचताना वडिलांचा चेहरा कसा झाला, हेही मूल पाहत असते. म्हणूनच काहींसाठी कृषी पदवी ही शेतीत परतण्याची तयारी असते, तर काहींसाठी स्पर्धा परीक्षेमार्गे तिच्यातून सुटण्याची वाट. आणि या दुसऱ्या इच्छेला कमी लेखणे अन्यायाचे ठरेल, कारण तीही अनुभवातूनच आलेली असते.

महाराष्ट्रात कृषी प्रवेशाच्या गुणवत्तेत सातबाराधारक कुटुंबातील मुलांना अधिभार, म्हणजे जादा गुण, देण्याची पद्धत राहिली आहे. तिचा हेतू रास्त आहे. परंतु गाव नमुना सात जमिनीचा हक्क सांगतो आणि नमुना बारा पिकांची नोंद ठेवतो, त्या जमिनीवर मुलाने कधी पाऊल ठेवले का, हे दोन्ही सांगत नाहीत.

अभ्यासक्रमातील ग्रामीण कृषी कार्यानुभव, ज्यात विद्यार्थी ‘कृषीदूत’ वा ‘कृषीकन्या’ म्हणून गावात राहून शेतकऱ्यांबरोबर काम करतात, अत्यंत मोलाचा आहे, पण तो पदवीच्या अखेरच्या वर्षात येतो, जेव्हा निवड होऊन गेलेली असते. निवडीआधीचा अनुभव शाळेलाच द्यावा लागेल, आणि त्याला मोठी जमीनही लागत नाही: ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून ठेवावेत, काही दिवसांनी किती उगवले ते मोजावे आणि त्यावरून पेरणीला बियाणे किती लागेल याचा हिशेब पाचवीच्या मुलांनी स्वतः करावा, एवढ्यानेही आरंभ होतो.