बिलाचा ईमेल पोहोचत नसेल तर लगेच नवा सर्व्हर घेऊ नका

भिवंडीचा कपडा व्यापारी असो की रत्नागिरीहून आंबा बाहेर पाठवणारा, कोटेशन, बिल, बँकेचा तपशील आता ईमेलवरच जातं. स्वतःच्या डोमेनचा ईमेल असला की धंद्याला वजनही येतं. पण एखाद्या दिवशी दुबईच्या ग्राहकाचा फोन येतो, "भाई, बिल आलंच नाही." इकडे 'सेंट'मध्ये मेल तर दिसतोय! मग कोणीतरी सांगतो, सर्व्हर जुना झाला, नवा घ्या. जरा थांबा.

आधी मेल परत आलाय का ते बघा. परत आलेल्या मेलमध्ये एक तीन अंकी आकडा असतो. तो 4 ने सुरू होत असेल तर अडचण तात्पुरती आहे, सर्व्हर स्वतःच पुन्हा प्रयत्न करतो. 5 ने सुरू होत असेल तर साफ नकार. त्याचं कारण बहुतेक वेळा शेजारीच लिहिलेलं असतं. आपण ते इंग्रजी बघून मेल डिलीट करतो, तिथेच घोळ होतो.

मेल परतही आला नाही आणि पोहोचलाही नाही, तर तो बहुधा स्पॅममध्ये पडलाय. याचं मूळ जुनं आहे. ईमेल पोहोचवण्याची एसएमटीपी ही पद्धत 1982 ची. पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव कोणीही काहीही लिहावं, पोस्टमन विचारत नाही, तसाच तो प्रकार. म्हणून पुढे तीन बंदोबस्त आले. ते तुमच्या डोमेनच्या नोंदवहीत, म्हणजे डीएनएसमध्ये, लिहावे लागतात. एसपीएफ सांगतो की आमच्या नावाने मेल पाठवायची परवानगी कोणत्या सर्व्हरला आहे. डीकेआयएम म्हणजे प्रत्येक मेलवरची डिजिटल सही. आणि या दोन्हींत मेल नापास झाला तर त्याचं काय करायचं, ते डीमार्क सांगतो.

फेब्रुवारी 2024 पासून जीमेलने नियम कडक केले. पहिल्या दोनपैकी निदान एक सगळ्यांनाच हवा. जीमेलच्या खात्यांवर रोज 5000 मेल पाठवणाऱ्यांना तिन्ही हवेत. माझं मत विचाराल तर छोट्या दुकानदारानेही तिन्ही करून घ्यावेत. कारण तुमच्या नावाने खोटा मेल जाऊन "आमचं बँक खातं बदललंय" असं ग्राहकाला कळवलं गेलं, तर पैसे भलतीकडे जातात आणि बदनामी तुमची होते.

एक चूक फार दिसते. वेबसाइटवाल्याने एक एसपीएफ नोंद लिहिलेली असते, नंतर बिलिंगवाला दुसरी टाकतो. एका डोमेनला एकच एसपीएफ नोंद चालते. दोन झाल्या की तपासणीच फसते. दोन्हींतला मजकूर एका ओळीत आणायचा, बस.

आता सर्व्हर खरंच बदलायचा असेल तर. ज्यांच्या ऑफिसात एक्स्चेंज 2016 किंवा 2019 चालू आहे त्यांनी टाळाटाळ करू नये. मायक्रोसॉफ्टने त्यांचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपवला. पण आधी बघा, डोमेन कोणाच्या नावावर आहे? पुष्कळदा ते वेबसाइट करून देणाऱ्या मुलाच्या खात्यात असतं, आणि तो मुलगा आता फोन उचलत नाही. ते आधी आपल्या ताब्यात घ्या.

दुसरं, मेल पीओपी पद्धतीने येत असतील तर जुने मेल सर्व्हरवर नसून हिशेबनिसाच्या कॉम्प्युटरवरच असू शकतात. तो फॉरमॅट केला की सगळं गेलं. आधी बॅकअप, मग नव्या सर्व्हरवर खाती, मग जुने मेल तिकडे. मेल कोणत्या सर्व्हरवर उतरवायचे हे सांगणारी एमएक्स नोंद शेवटी बदलायची. तिची टीटीएल मुदत एक-दोन दिवस आधीच 300 सेकंदांवर आणली तर बदल लवकर पसरतो. एसपीएफमध्ये नव्या सर्व्हरचं नाव घालायला आणि त्याचा डीकेआयएम चालू करायला विसरू नका, नाहीतर पुन्हा स्पॅम.

जुना सर्व्हर लगेच बंद करू नका. आठवडाभर चालू ठेवा आणि रोज एकदा उघडून बघा, एखाद्या ग्राहकाची ऑर्डर अजून तिकडेच येत असेल.