मुलगी वाळत जाते तेव्हा

पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात, चंद्रभागेच्या काठी वसलेल्या दर्यापुरात आणि त्याच्या भोवतालच्या खेड्यांत, जेथे विहिरीचे पाणी खारट निघाल्यामुळे कपाशी, तूर, मूग आणि हरभरा यांचे सारे भवितव्य पावसाच्या स्वाधीन करावे लागते, तेथे अंगाने भरलेली मुलगी ही खाऊनपिऊन सुखी असलेल्या घराची खूण समजली जाण्याचा काळ अद्याप फारसा जुना झालेला नाही. याच अमरावती जिल्ह्याच्या उत्तरेस, सातपुड्याच्या रांगांत, धारणी आणि चिखलदरा हे मेळघाटाचे दोन तालुके आहेत; तेथील कोरकू बालकांच्या मृत्यूंनी १९९० च्या दशकात सगळ्या महाराष्ट्राचे मन हादरवले, आणि तेव्हापासून आपल्या जिल्ह्याचे नाव कुपोषणाशी जोडले गेले ते आजही सुटलेले नाही. परंतु त्याच जिल्ह्याच्या सपाटीवर, ज्या घरात ज्वारी आणि तुरीची डाळ वर्षभराची भरून ठेवलेली आहे अशा घरातील पंधरा-सोळा वर्षांची मुलगी अर्धी भाकरी टाकून ताटावरून उठू लागते, पुढे पाव भाकरीवर येते, आणि सहा महिन्यांत तिच्या गळ्याची हाडे दिसू लागतात, तेव्हा त्या घटनेला कुपोषण म्हणण्याचे आपल्या मनात येत नाही. शरीराला मात्र हा भेद कळत नाही. अन्न मिळाले नाही की नाकारले गेले, याची चौकशी न करता ते दोन्ही प्रसंगी एकाच क्रमाने स्वतःची मोडतोड करू लागते.

येथे एक गोष्ट आरंभीच सांगितली पाहिजे. ज्या मुलीचे वजन खरोखरच प्रमाणाबाहेर आहे तिने वैद्यकीय सल्ल्याने, चालण्याखेळण्याची जोड देऊन, सावकाशीने ते आटोक्यात आणावे, यात गैर काही नाही. चिंतेचा विषय आहे तो वाढीच्या वयात झपाट्याने होणारी झीज. आणि ती झीज डोळ्यांना दिसेलच असे नाही. मुळात स्थूल असलेली मुलगी थोड्या महिन्यांत फार उतरली, तर पाहणाऱ्याला ती आता कोठे प्रमाणात आली असे वाटते, आजूबाजूच्या बायका तिचे कौतुक करतात, आणि त्याच वेळी तिची नाडी मंद झालेली आणि पाळी थांबलेली असू शकते.

शरीराचा कारभार अशा वेळी दुष्काळातील सरकारी खजिन्यासारखा चालतो. वसुली आटली की खजिनदार प्रथम नव्या इमारतींची कामे बंद करतो, मग रस्त्यांची डागडुजी थांबवतो, मग कारकुनांचे पगार कापतो, आणि अगदी शेवटपर्यंत पहारा तेवढा राखून ठेवतो. किशोरवयीन मुलीच्या देहात नवी कामे म्हणजे उंची, हाडांची घडण आणि ऋतुचक्र. आणि मेंदूचा व हृदयाचा पुरवठा हा शेवटचा पहारा. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस नावाचा लहानसा भाग हा निर्णय घेतो, आणि त्याला शिलकेची बातमी पोचवणाऱ्या संदेशवाहकांपैकी एकाचा शोध १९९४ साली न्यूयॉर्क येथे जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत लागला. लेप्टिन नावाचे हे संप्रेरक चरबीच्या पेशींतून स्रवते. चरबी घटली की लेप्टिन घटते, हायपोथॅलॅमस बीजकोषांना चालना देणारे आपले स्पंदन मंद करतो, इस्ट्रोजेन उतरते, आणि पाळी थांबते. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांनी अन्न अडवून धरल्यामुळे पश्चिम हॉलंडात जी उपासमार झाली, तीत सुमारे निम्म्या स्त्रियांची पाळी बंद झाल्याची नोंद आहे. त्या स्त्रियांपैकी कोणीही सडपातळ होण्याची इच्छा धरली नव्हती.

आपल्याकडे या लक्षणाची फार विपरीत गत होते. सोळा वर्षांच्या मुलीची पाळी तीन महिने आली नाही हे आईला कळले, तर पहिली शंका मुलीच्या वर्तनावर जाते, दुसरी तिच्या पुढील लग्नावर, आणि ती जेवते किती हा प्रश्न कोणाच्या तोंडून निघतच नाही. बाप आणि भाऊ यांच्यापासून गोष्ट लपवली जाते. मुलगीही लपवते, कारण दरमहाच्या त्रासातून सुटका झाली याचे तिला मनातून बरेच वाटत असते. मग कोणाच्या तरी सांगण्यावरून पाळी आणण्याच्या गोळ्या आणल्या जातात, त्या घेतल्यावर रक्तस्राव होतो, आणि घर निश्चिंत होते. हा दिलासा खोटा आहे. गोळीने आलेला स्राव हा गोळीचाच परिणाम असतो; त्यामुळे बीजकोष जागे होत नाहीत आणि हाडांची झीजही भरून निघत नाही. माझ्या मते पाळीचे थांबणे हा देहाने बजावलेला पहिला आणि सर्वांत स्पष्ट समन्स आहे, आणि जी आई तो शांतपणे वाचील, मुलीला न दरडावता, ती तिला पुढच्या मोठ्या हानीतून वाचवू शकेल.

हाडांविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे, कारण ही हानी आज दिसत नाही आणि पुढे मात्र पुसत नाही. वाढीचा वेग शिगेला पोचतो त्याच्या मागच्या-पुढच्या दोन वर्षांत मुलीच्या हाडांत जी खनिजे भरली जातात ती तिच्या प्रौढ वयातील साठ्याच्या सुमारे चौथ्या हिश्श्याइतकी असतात, आणि अठराव्या वर्षापर्यंत बहुतेक साठा पुरा झालेला असतो. त्यानंतर भर फारशी पडत नाही. या भरणीला कॅल्शियम लागते तसेच इस्ट्रोजेनही लागते. आणि उपाशी देहात दोहोंचा तुटवडा पडत असतानाच ताणाचे संप्रेरक वाढून असलेली हाडेही पोखरू लागते. ज्या मुलीने ही दोन-तीन वर्षे उपासमारीत घालवली, तिचे वजन पुढे पूर्ववत झाले तरी हाडांची घनता पूर्णपणे परत येईलच अशी हमी कोणी वैद्य देत नाही. निंदण-वेचणीला वाकणाऱ्या, डोक्यावरून पाणी वाहणाऱ्या आपल्या भागातील स्त्रीच्या पाठीच्या कण्याला चाळिशी-पन्नाशीत या तुटीची किंमत मोजावी लागेल.

हृदय हाही एक स्नायूच आहे, आणि तोही झिजतो. नाडी संथ होते. झोपेतून उठून उभे राहताना डोळ्यांपुढे अंधारी येते. आणि ओकाऱ्या काढण्याची किंवा जुलाबाची औषधे घेण्याची सवय जडली असेल, तर रक्तातील पोटॅशियम उतरून हृदयाची लय अकस्मात बिघडू शकते. जाग्या, स्वस्थ बसलेल्या मुलीची नाडी मिनिटाला पन्नासाच्या खाली गेली, किंवा तिला भोवळ येऊन ती पडली, तर तो प्रश्न घरगुती उपायांचा उरत नाही. तिला त्याच दिवशी रुग्णालयात नेले पाहिजे. मानसिक म्हणून गणल्या जाणाऱ्या व्याधींत मृत्यूचे प्रमाण सर्वाधिक असलेल्यांत न जेवण्याच्या या व्याधीची गणना होते.

इतर खुणा घरातल्या डोळस बाईला सहज दिसाव्यात अशा आहेत. वैशाखात, अकोल्याचा पारा ४५ अंशांकडे झुकलेला असताना, मुलगी अंगावर पांघरूण मागते. डोक्याचे केस फणीत पुंजक्याने येतात आणि हातापाठीवर मात्र बारीक मऊ लव उगवते. मलावरोध जडतो, त्वचा कोरडी पडते, वाचलेले लक्षात राहत नाही. आणि मन? त्याविषयीचा सर्वांत मोठा पुरावा अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ साली ॲन्सेल कीज यांनी केलेल्या प्रयोगातून मिळाला. युद्धात शस्त्र धरण्यास सद्सद्विवेकबुद्धीने नकार दिलेल्या ३६ निरोगी तरुणांनी सहा महिने अर्धपोटी राहण्याचे स्वतःहून कबूल केले. त्यांचे वजन सुमारे चतुर्थांशाने घटले, नाडी मंदावली. आणि ज्यांना सडपातळपणाचे काडीमात्र आकर्षण नव्हते असे हे धट्टेकट्टे पुरुष दिवसरात्र अन्नाचाच विचार करू लागले, पाककृतींची पुस्तके वाचू लागले, चिडखोर आणि एकलकोंडे झाले. जी मुलगी घरातील सर्वांना आग्रहाने करून वाढते आणि स्वतः जेवत नाही, तिच्या वागण्यातील हट्टाचा बराचसा भाग हा भुकेनेच निर्माण केलेला असतो, हे त्या प्रयोगाने कायमचे दाखवून दिले. ती नाटक करीत नाही. उपाशी मेंदू तिला तसे करायला लावतो.

ही व्याधी आजची किंवा मोबाइलने आणलेली आहे असेही नव्हे. रिचर्ड मॉर्टन या इंग्रज वैद्याने १६८९ साली, क्षयाविषयी लिहिताना, कोणताही क्षय नसताना केवळ न खाण्याने अस्थिपंजर झालेल्या एका अठरा वर्षांच्या मुलीची हकीगत नोंदवली. आणि १८७३ च्या सुमारास लंडनचे विल्यम गल आणि पॅरिसचे शार्ल लासेग यांनी जवळजवळ एकाच वेळी तिचे स्वतंत्र वर्णन केले. आज तिला ॲनोरेक्सिया नर्व्होसा म्हणतात. मोबाइलच्या पडद्यावरील चेहऱ्यांनी आणि देहांनी तिला खतपाणी घातले, हे मात्र खरे.

वऱ्हाडात ती लपून राहते याला आपल्या परिस्थितीतच कारणे आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातील १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी शेकडा ५९ रक्तक्षयी आढळल्या. तेव्हा फिकट चेहरा, धाप आणि थकवा यांची आपल्या डोळ्यांना इतकी सवय झालेली आहे की त्यांमागे आणखी काही असेल अशी शंकाच येत नाही. दुसरे आवरण उपवासांचे. हरतालिका, श्रावणातले सोमवार, चतुर्थ्या, अंबादेवीचे नवरात्र. या व्रतांची श्रद्धा मला आदरणीयच वाटते, पण ज्या मुलीला न जेवण्याचे निमित्त हवे असते तिला त्यांचा आडोसा मिळतो, आणि देवाच्या नावाने सोडलेल्या घासाला हरकत कोण घेणार? तिसरे, घरातल्या वडीलधाऱ्यांनी मधुमेहाच्या भीतीने धरलेला आहार. दिवसातून दोनदाच जेवण्याची डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी प्रसृत केलेली पद्धती गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात घरोघर पोचली; ती अठरा वर्षांखालील मुलांसाठी नाही असे तिच्याच नियमांत सांगितलेले आहे, परंतु आई-बाबा दोनदा जेवतात म्हणून मुलगीही दोनदाच जेवते, आणि तो नियम कोणाच्या स्मरणात राहत नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीप्रमाणे १३ ते १५ वर्षांच्या मुलीला दिवसाला सुमारे २४०० आणि १६ ते १८ च्या मुलीला २५०० कॅलरी लागतात. म्हणजे बैठे काम करणाऱ्या तिच्या आईपेक्षा अधिक. वाढत्या मुलीने आईच्या बरोबरीने किंवा तिच्याहून जास्त जेवावे हे निसर्गाचेच माप आहे, आणि तिच्या ताटाकडे पाहून हसणाऱ्या काकू-मावश्यांना ते कोणीतरी समजावून सांगायला हवे. "इतकी काऊन वाळली व तू?" असे विचारणारी आजी या बाबतीत पुष्कळ शिकलेल्यांहून शहाणी ठरते.

उलटपक्षी प्रत्येक वाळणारी मुलगी न जेवण्याच्याच व्याधीने ग्रासलेली असते असेही धरून चालू नये. संध्याकाळचा बारीक ताप आणि दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर क्षयाची तपासणी प्रथम झाली पाहिजे. फार तहान, वारंवार लघवी आणि पुरेसे जेवूनही उतरणारे वजन ही किशोरवयातील मधुमेहाची लक्षणे आहेत, आणि तेथे एका आठवड्याचा विलंबही जिवावर बेतू शकतो. थायरॉईडचा अतिरेक आणि आतड्यांचे विकार हेही वगळावे लागतात. म्हणून पहिला दरवाजा डॉक्टरांचाच: दर्यापूरचे उपजिल्हा रुग्णालय, अमरावतीचे इर्विन किंवा स्त्रियांसाठीचे डफरीन, अकोल्याचे सर्वोपचार. किशोरवयीनांसाठी शासकीय रुग्णालयांत जी मैत्री क्लिनिके आहेत तेथे मुलीला एकटीने बोलण्याची मुभा असते, आणि ती तिला द्यावी. मनाच्या बाबतीत कोणाशी बोलावे हे न सुचल्यास टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून विनामूल्य चालू आहे.

उपचारात घराची भूमिका मध्यवर्ती आहे. पूर्वी अशा मुलीच्या आजाराचे खापर आईबापांवर फोडून तिला त्यांच्यापासून दूर ठेवण्याकडे वैद्यांचा कल असे. लंडनच्या मॉडस्ले रुग्णालयात १९८० च्या दशकात विकसित झालेल्या पद्धतीने हे उलटे केले, आणि मुलीच्या प्रत्येक जेवणाची जबाबदारी काही काळ आईबापांनीच घ्यावी, तिच्याशेजारी बसून, न रागावता आणि न सोडता, असे ठरवले. किशोरवयीनांत आज हीच पद्धती सर्वाधिक परिणामकारक मानतात. वरण, भाकरी, ताक, मुगाची उसळ, शेंगदाणे, तिळाची व जवसाची चटणी. आपल्या चुलीवरचे साधे अन्नच तिचे औषध होऊ शकते. पण एका धोक्याची सूचना येथे दिलीच पाहिजे. जी मुलगी कित्येक आठवडे जवळजवळ उपाशी आहे तिला एकदम गोडधोड आणि तूप भरवू नये. महायुद्धानंतर सुटलेल्या युद्धकैद्यांना अकस्मात भरपूर अन्न मिळाले तेव्हा त्यांतील काही जण त्या अन्नानेच दगावले, कारण पेशींनी फॉस्फेट ओढून घेतल्यामुळे रक्तातील त्याचे प्रमाण कोसळते आणि हृदय थांबू शकते. फार खालावलेल्या मुलीचे पहिले काही दिवस डॉक्टरांच्या नजरेखाली, रक्ततपासणीसह, गेले पाहिजेत.

मग ती सावरते. नाडी काही आठवड्यांत सुधारते, केस काही महिन्यांत. पाळी वजन पुरेसे भरल्यानंतरही कित्येकदा सहा महिने परत येत नाही, आणि त्या अवधीत घराने धीर सोडू नये. हाडांना वर्षे लागतात.

राहिली गोष्ट नोंदीची. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली २०१३ पासून सरकारी शाळांतील मुलांची वर्षातून एकदा उंची व वजन घेऊन तपासणी होते. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ साली पाच ते अठरा वर्षांसाठी वाढीचे तक्ते प्रसिद्ध केले, त्यांच्यामागे पुण्याचे डॉ. वामन आणि डॉ. अनुराधा खाडिलकर यांचे परिश्रम आहेत. प्रौढांसाठीचा वजन-उंचीचा ठोकळेबाज हिशेब मुलींना लागू पडत नाही. मुलीची रेषा तिच्याच मागील वर्षांच्या रेषेशी ताडून पाहावी लागते, आणि वाढीच्या वयात ती रेषा खाली वळणे हेच मुळी अस्वाभाविक आहे. शाळेच्या दप्तरी पडून असलेले ते आकडे पालकाने मागून घ्यावेत, वर्षावर्षाचे एका कागदावर उतरवावेत, शेवटच्या पाळीची तारीख त्याखाली लिहावी, आणि डॉक्टरांकडे जाताना तो कागद बरोबर न्यावा.