शेल स्क्रिप्टने फायली हलवताना: गैरसमज आणि वस्तुस्थिती

हजारभर फोटोंची नावं बदलून ते वर्षवार फोल्डरमध्ये लावायचे, तर हाताने दिवस मोडतो. शेल स्क्रिप्ट ते काम चुटकीसरशी करते. पण ती चुकली, तर नुकसानही तितक्याच झपाट्याने होतं. म्हणून लिनक्सवर नव्याने काम करणाऱ्यांचे हे गैरसमज आधीच दूर व्हायला हवेत.

गैरसमज: फाइल हलवली की आतला सगळा डेटा नव्या जागी लिहिला जातो.
वस्तुस्थिती: एकाच फाइल सिस्टिममध्ये ‘एमव्ही’ कमांड फक्त डिरेक्टरीतली नोंद बदलते; डेटा होता तिथेच राहतो. त्यामुळे ५ जीबीचा व्हिडिओही क्षणात हलतो. पेन ड्राइव्हवर नेताना मात्र आधी कॉपी होते, मग मूळ फाइल पुसली जाते. वेळ लागतो तो त्यामुळे.

गैरसमज: त्याच नावाची फाइल तिथे असेल, तर कमांड विचारेल.
वस्तुस्थिती: सहसा विचारत नाही. दोन कॅमेऱ्यांच्या फोल्डरांत ‘आयएमजी_०००१’ नावाचा एकेक फोटो असेल आणि दोन्ही एकाच जागी हलवले, तर पहिला जातो. तो ट्रॅशमध्येही सापडत नाही. ‘-आय’ लावलं की कमांड विचारते, ‘-एन’ लावलं की असलेल्या फाइलला हात लावत नाही.

गैरसमज: ‘एमव्ही *.टीएक्सटी *.एमडी’ लिहिलं की सगळी एक्स्टेन्शन बदलतात.
वस्तुस्थिती: तारांकनाच्या जागी खरी नावं शेल भरतं, आणि तेही ‘एमव्ही’ सुरू होण्याआधी. फोल्डरमध्ये टीएक्सटी आणि एमडी अशी एकेकच फाइल असेल, तर पहिली थेट दुसरीच्या जागी बसते आणि दुसरी नाहीशी होते. अनेक फायलींसाठी लूप लिहून एकेक नाव बदलावं.

गैरसमज: नावात मोकळी जागा किंवा मराठी अक्षरं असली की स्क्रिप्ट अडते.
वस्तुस्थिती: लिनक्सला नावात फक्त तिरकी रेघ आणि शून्य बाइट चालत नाही. ‘आईचा वाढदिवस.जेपीजी’चे दोन तुकडे पडतात, कारण नाव साठवणाऱ्या व्हेरिएबलभोवती दुहेरी अवतरणचिन्हं दिलेली नसतात. मराठी नावांना मर्यादा आहे ती लांबीची. ‘ईएक्सटी४’वर नाव २५५ बाइट्सपर्यंत असतं आणि यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट्स घेतं, काना-मात्राही वेगळी मोजून. ‘किल्ला’ या शब्दातच ६ चिन्हं, म्हणजे १८ बाइट्स होतात.

गैरसमज: फायली शोधणाऱ्या ‘फाइंड’ कमांडमध्ये ‘-एमटाइम +१’ म्हणजे एका दिवसापेक्षा जुन्या फायली.
वस्तुस्थिती: ‘फाइंड’ २४ तासांचे पूर्ण दिवस मोजतं, उरलेले तास सोडून देतं. त्यामुळे किमान ४८ तास जुन्या फायलीच मिळतात. शिवाय ही वेळ आतला मजकूर शेवटचा बदलल्याची असते, फाइल तयार झाल्याची नव्हे.

या सगळ्यावर एक सवय फार उपयोगी पडते. लूपमध्ये ‘एमव्ही’च्या आधी ‘एको’ लिहा आणि स्क्रिप्ट चालवा. एकही फाइल हलणार नाही. कोणती कुठे जाणार, त्याची यादी तेवढी पडद्यावर येईल. ती ओळ न् ओळ वाचा, पटली तरच ‘एको’ काढा.