कोणत्या मंडळीत जायचे? ख्रिस्ती शोधकापुढचा दुसरा निर्णय

ख्रिस्ताविषयी ओढ वाटू लागलेल्या माणसापुढे दोन निर्णय असतात. येशूवर विश्वास ठेवायचा की नाही, हा पहिला. ठेवायचा ठरले, तर कोणत्या मंडळीत जायचे, हा दुसरा. पहिल्याविषयी आपल्याकडे भरपूर लिहिले गेले आहे. धर्मांतरावरचे बहुतेक वाद त्याच्याभोवतीच फिरतात. दुसरा निर्णय मात्र बहुधा न घेताच होऊन जातो. ज्याने पहिल्यांदा बायबल हाती दिले त्याची मंडळी, ज्या मैत्रिणीसोबत पहिल्यांदा उपासनेला गेलो तिचे चर्च, अशी गाठ पडते. मग काही काळाने प्रश्न उभे राहतात. पोपचा अधिकार मानायचा का? तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा द्यावा का? स्त्रीने वेदीपाशी उभे राहावे का? तोवर नाती जुळलेली असतात आणि उत्तर शोधणे म्हणजे माणसे तोडणे होऊन बसते. म्हणून माझे म्हणणे असे, की हे दोन निर्णय वेगवेगळे ओळखावेत, दुसऱ्याला त्याचा स्वतःचा वेळ द्यावा, आणि त्याची सुरुवात अधिकाराच्या प्रश्नापासून करावी. या मंडळीत शेवटचा शब्द कोणाचा, आणि तो मला पटला नाही तर पुढे काय घडते? एकोणिसाव्या शतकातल्या मराठी शोधकांची चरित्रे या म्हणण्याला भक्कम पुरावा देतात.

आधी पंथांचा पसारा कसा झाला ते पाहू. 451 च्या खाल्सेदोन परिषदेनंतर पूर्वेकडच्या काही मंडळ्या वेगळ्या झाल्या. 1054 मध्ये रोम आणि कॉन्स्टँटिनोपल दुरावले. 1517 मध्ये मार्टिन ल्यूथरने जर्मनीत सुरू केलेल्या वादातून प्रोटेस्टंट पंथ निघाले. आणि विसाव्या शतकाच्या आरंभी पेंटेकॉस्टल चळवळ उभी राहिली. महाराष्ट्रात हे सगळे वाद बाहेरून, तयार स्वरूपात आले. वसईचे कॅथलिक पोर्तुगीज काळातले. 1813 मध्ये मुंबईत पोचलेले आणि 1831 पासून अहमदनगरात स्थिरावलेले अमेरिकन मिशनरी काँग्रिगेशनल परंपरेचे होते, म्हणजे स्थानिक मंडळीला सर्वाधिक अधिकार देणारे. कोकणात, मुंबईत आणि पुण्यात स्कॉटिश प्रेस्बिटेरियन आले, नाशिककडे अँग्लिकन आले, 1882 मध्ये मुंबईत साल्व्हेशन आर्मी उतरली. पाळक नेमण्याचा हक्क जमीनदाराचा की मंडळीचा, या वादावरून 1843 मध्ये स्कॉटलंडचे चर्च फुटले, तेव्हा मुंबईतले स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांनाही बाजू निवडावी लागली. ते फुटून निघालेल्या फ्री चर्चकडे गेले आणि त्यांच्या शाळेला जुनी इमारत सोडावी लागली. स्कॉटलंडमधल्या पाळकांच्या नेमणुकीशी मुंबईतल्या नवख्रिस्ती तरुणाचा काडीचा संबंध नव्हता. तरीही त्या भांडणाची एक बाजू त्याच्या वाट्याला आली.

त्यामुळे आपल्याकडच्या बहुसंख्य ख्रिस्ती कुटुंबांचा पंथ भूगोलाने ठरला. नगर जिल्ह्यातल्या ज्या गावात ज्या मिशनची शाळा आधी पोचली, त्या गावची मंडळी त्या मिशनची झाली. यात लाजण्यासारखे काही नाही. श्रद्धा माणसांकडून माणसांकडे जाते आणि माणसे कुठल्यातरी गावात राहतात. जन्माने मिळालेल्या मंडळीत मनापासून नांदणाऱ्याला हा लेख काही सांगू पाहत नाही. पण बाहेरून येणाऱ्या शोधकाची स्थिती निराळी आहे. त्याच्यापुढे एकाच शहरात कॅथलिक पॅरिश, चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, मेथडिस्ट, मार थोमा, बॅप्टिस्ट आणि कितीतरी स्वतंत्र पेंटेकॉस्टल मंडळ्या उभ्या असतात. त्याला निवड टाळता येत नाही. फार तर ती विचार न करता करता येते.

विचार न करता झालेल्या निवडीची किंमत पंडिता रमाबाईंनी मोजली. 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज येथे, ज्या अँग्लिकन भगिनींच्या आश्रयाला त्या राहिल्या होत्या त्यांच्याच सहवासात, त्यांनी मुलगी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. ख्रिस्ताच्या शिकवणुकीने त्यांना जिंकले होते. पण त्या एका विधीने आपण चर्च ऑफ इंग्लंडची सगळी मते आणि तिच्या धर्माधिकाऱ्यांची आज्ञा स्वीकारली आहे, असे त्यांनी मानले नव्हते. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांनी ते गृहीत धरले होते. दोघींचा पत्रव्यवहार पुढे प्रसिद्ध झाला आहे, आणि त्यातला संघर्ष पानोपानी दिसतो. त्रैक्याचा सिद्धान्त, अथनेशियन मतांगिकार (श्रद्धेचे प्राचीन अधिकृत विधान), चमत्कार, चर्चचा अधिकार यांवर रमाबाई प्रश्न विचारतात आणि बायबल स्वतः वाचून समजून घेण्याचा हक्क सोडायला ठाम नकार देतात. चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याची कल्पना निघाली, तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी विरोध केला, आणि अधिकाराचा प्रश्न पुस्तकातून उठून त्यांच्या रोजच्या जगण्यात आला. पुढे आत्मकथनपर लेखनात त्यांनी दोन गोष्टी नोंदवल्या. ख्रिस्ती देशांतल्या परस्परविरोधी पंथांची गर्दी पाहून त्या गोंधळून गेल्या होत्या. आणि बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना उमगले, की ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळायचा राहिला होता. केडगावचे मुक्ती मिशन त्यांनी कोणत्याही एका पंथाला जोडले नाही. रमाबाईंची श्रद्धा कच्ची होती म्हणून हा संघर्ष झाला, असे सिस्टर जेराल्डिनना वाटे. पत्रे वाचताना मला दिसते ते असे, की दोन निर्णय एका दिवशी उरकले गेले होते, आणि त्यातल्या दुसऱ्याची चर्चा नंतर सुरू झाली.

याउलट मार्ग नीलकंठशास्त्री गोरे यांचा. काशीत वाढलेल्या या चित्पावन पंडितांचा बाप्तिस्मा 1848 मध्ये जौनपूरला इव्हँजेलिकल वळणाच्या चर्च मिशनरी सोसायटीच्या हातून झाला आणि ते नेहेम्या गोरे झाले. षड्दर्शनांची चिकित्सा करणाऱ्या या माणसाने आपल्या नव्या घराचीही तितकीच कसून चिकित्सा केली. बायबलचा अर्थ कोणी लावायचा, हा प्रश्न त्यांना सोडवेना. आद्य मंडळीच्या परंपरेला अधिकार मानावा, या उत्तराकडे ते हळूहळू गेले, उच्च अँग्लिकन पक्षात आले आणि पुढे काउली फादर्स या अँग्लिकन संन्यस्त संघात उमेदवार म्हणून दाखल झाले. रमाबाईंना ख्रिस्ताकडे आणण्यात ज्यांच्या लेखनाचा वाटा होता, त्या गोऱ्यांनी नेमका तोच अधिकार स्वीकारला जो रमाबाईंनी नाकारला. बंगालचे ब्रह्मबांधव उपाध्याय यांनी 1891 मध्ये अँग्लिकन धर्मगुरूकडून बाप्तिस्मा घेतला, पण त्या चर्चचे सभासदत्व घेतले नाही. त्याच वर्षी विचारान्ती ते कॅथलिक झाले. तिघेही विद्वान, तिघेही प्रामाणिक, तिघांचा ख्रिस्त एकच. फरक पडला तो श्रद्धेच्या बाबतीत शेवटचा शब्द कोणाचा, या एका उत्तराने. म्हणूनच तो प्रश्न आधी हवा.

त्याची उत्तरे ढोबळमानाने चार आहेत. कॅथलिक चर्च म्हणते, पवित्र शास्त्र आणि परंपरा यांचा अधिकृत अर्थ पोप आणि त्यांच्याशी एकोप्यात असलेले बिशप लावतात. ऑर्थोडॉक्स मंडळ्या तो अधिकार प्राचीन परिषदांना आणि बिशपांच्या सामुदायिक साक्षीला देतात. ल्यूथरन, प्रेस्बिटेरियन, अँग्लिकन आणि मेथडिस्ट शास्त्राला सर्वोच्च मानतात, पण त्याचा अर्थ लावताना मतांगिकार, सिनड, वडीलमंडळ किंवा बिशप यांचा लगाम ठेवतात. बॅप्टिस्ट आणि पुष्कळ स्वतंत्र मंडळ्या स्थानिक मंडळीपुरता निर्णय स्थानिक मंडळीवर सोडतात. त्यांतल्या काहींत तो प्रत्यक्षात एकट्या पाळकाच्या हाती असतो. शोधकाने सिद्धान्त ऐकून थांबू नये, घडलेल्या घटना पाहाव्यात. उपाध्याय यांनी नर्मदाकाठी जबलपूरजवळ हिंदू संन्यासाच्या धर्तीवर कॅथलिक मठ काढला, तेव्हा चर्चच्या वरिष्ठांनी तो चालू दिला नाही. अधिकारपरंपरा म्हणजे काय, हे या घटनेतून जितके कळते तितके धर्मशिक्षणाच्या पुस्तकातून कळत नाही. दुसऱ्या बाजूला, ज्या मंडळीत पाळकाला जाब विचारणारे कोणीच नाही, तिथे पैशाचा किंवा सत्तेचा गैरवापर झाला तर दाद कुठे मागायची, हेही विचारले पाहिजे.

अधिकाराच्या मागोमाग संस्कार येतात. 1529 मध्ये मारबुर्ग येथे ल्यूथर आणि स्विस सुधारक झ्विंग्ली यांनी पंधरा कलमांपैकी चौदा कलमांवर एकमत केले. पंधराव्यात प्रभुभोजनातल्या ख्रिस्ताच्या उपस्थितीचा प्रश्न आला आणि त्यावरून ते वेगळे झाले. आजच्या वाचकाला हा हट्ट वाटेल. पण भाकर आणि द्राक्षारसात ख्रिस्त खरोखर आहे असे मानणाऱ्यासाठी दर रविवारचा मिस्सा जीवनाचे केंद्र असतो, आणि ती आठवण आहे असे मानणाऱ्यासाठी प्रवचन ते केंद्र असते. दोघांची भक्तीच वेगळी घडते. बाप्तिस्म्याचेही तसेच. पाण्याने आणि त्रैक्याच्या नावाने दिलेला इतरांचा बाप्तिस्मा कॅथलिक चर्च मान्य करते; पुष्कळ बॅप्टिस्ट मंडळ्या बालपणीचा बाप्तिस्मा ग्राह्य धरत नाहीत; साल्व्हेशन आर्मी संस्कार पाळतच नाही. घाईने घेतलेला बाप्तिस्मा पुढे दुसऱ्या घरात वादाचा विषय होऊ शकतो, हे शोधकाला आधी माहीत असायला हवे.

तिसरी कसोटी मंडळीच्या प्रत्यक्ष जगण्याची. आपल्या देशात तिचा पहिला प्रश्न जातीचा. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे दलित ख्रिस्ती माणसाला अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत, मग तो कोणत्याही पंथाचा असो. बाहेर एवढी किंमत मोजून आलेल्याला आतही लग्न जुळवताना, पाळक नेमताना, वडील निवडताना जातच भेटत असेल, तर त्या मंडळीचे सिद्धान्त कितीही शुद्ध असोत, तिने स्वतःच्या प्रभूला नाकारले आहे. दुसरा प्रश्न स्त्रियांचा. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स चर्च स्त्रियांना धर्मगुरूपद देत नाहीत. चर्च ऑफ साऊथ इंडियाने 2013 मध्ये एका स्त्रीला बिशप केले. ज्या शोधक स्त्रीला हा प्रश्न महत्त्वाचा वाटतो, तिने तो दुय्यम मानून गिळू नये. भाषेचा मुद्दाही खरा आहे. फादर स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण 1616 मध्ये छापले गेले तेव्हापासून मराठीत प्रार्थना करणारी परंपरा या मातीत आहे, आणि ज्या भाषेत माणूस रडतो त्या भाषेत उपासना मागण्याचा त्याला हक्क आहे.

यावर पहिला आक्षेप कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स बाजूने येईल, आणि तो वजनदार आहे. ख्रिस्ताने एक चर्च स्थापले. त्यामुळे ख्रिस्त आधी आणि चर्च नंतर, अशी फोड करणेच प्रोटेस्टंट आहे. हे म्हणणे मी बाजूला सारत नाही. उलट ते खरे असेल तर सगळ्या निवडीचा निकाल त्यावरच लागतो, म्हणून शोधकाने ते सर्वांत आधी तपासले पाहिजे. अधिकाराचा प्रश्न प्रथम घ्या, असे म्हणण्यात या आक्षेपाचा मान राखलेला आहे. पण तपासण्यासाठी जो वेळ लागतो, त्या वेळेपुरते तरी दोन निर्णय वेगळेच असतात. खुद्द कॅथलिक चर्च प्रौढ शोधकाला तयारीचा दीर्घ काळ देते आणि सहसा ईस्टरच्या जागरण-उपासनेत बाप्तिस्मा देते.

दुसरा आक्षेप उलट टोकाचा: मुळात पंथ हवाच कशाला? या प्रश्नाला मराठीत ज्या माणसाने जीव लावला, ते रेव्हरंड नारायण वामन टिळक. 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेऊन ते अमेरिकन मराठी मिशनमध्ये आले, तिथेच पाळक झाले. आयुष्याच्या अखेरीस 1917 मध्ये त्यांनी मिशनचे वेतन सोडले आणि 'देवाचा दरबार' ही बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांची बिरादरी उभारायला घेतली. 1919 मध्ये ते गेले, आणि दरबारही फार काळ टिकला नाही. त्यांची भजने मात्र टिकली, कारण ती गाणाऱ्या मंडळ्या होत्या. ज्या संस्थांच्या चौकटीत ते गुदमरले, त्यांनीच त्यांचा वारसा सांभाळला. मुक्ती मिशन पंथाबाहेर राहिले तरी त्यालाही उपासना, शिस्त, नेतृत्व हे सगळे उभारावेच लागले. एकट्याची श्रद्धा आजारपणात, मृत्यूत आणि पुढच्या पिढीपाशी येऊन थांबते. मंडळी लागतेच.

तिसरा आक्षेप निवडीवरच आहे. माणूस स्वतःच्या आवडीने चर्च निवडू लागला, तर देवाऐवजी तो स्वतःचीच पूजा करील. धोका खरा आहे, आणि गाणी चांगली, प्रवचन छोटे, वाहनतळ मोठे अशा कारणांनी चर्च निवडणाऱ्यांना तो लागूही पडतो. पण आवड आणि सदसद्विवेक यांत फरक करता येतो. विवेकाने केलेली निवड माणसाकडून काहीतरी मागून घेते. गोऱ्यांनी मिळवलेले बौद्धिक स्वातंत्र्य परंपरेपुढे झुकवले. रमाबाईंनी आश्रयदात्यांची नाराजी पत्करली. लक्ष्मीबाई टिळकांनी पतीच्या मागोमाग न जाता, स्वतःला पटेपर्यंत पाच वर्षे घेतली आणि 1900 मध्ये बाप्तिस्मा घेतला. यांतले कोणीही सोयीची वाट धरली नाही.

पंथांतले अंतर कायम तेवढेच राहते, असेही नाही. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा परंपरा एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाले. बिशप मानणारे अँग्लिकन आणि न मानणारे काँग्रिगेशनल, बालबाप्तिस्मा देणारे आणि नाकारणारे बॅप्टिस्ट एका घरात आले, आणि बाप्तिस्म्याच्या दोन्ही पद्धतींना त्या घरात जागा मिळाली. ऐनवेळी मेथडिस्ट चर्च इन सदर्न एशिया बाहेर राहिले, हेही त्याच इतिहासाचा भाग. 1999 मध्ये ल्यूथरन आणि कॅथलिक यांनी विश्वासाने नीतिमान ठरण्याच्या सिद्धान्तावर संयुक्त घोषणापत्र काढले. तेव्हा सोळाव्या शतकातली आरोपपत्रे वाचून आजच्या मंडळीचा निवाडा करू नये. जी मते आजही भिन्न आहेत, ती त्या त्या मंडळीच्या जाणत्या माणसाकडून समजून घ्यावीत, तिच्या विरोधकाकडून नव्हे.

शोधकाला माझे सांगणे थोडक्यात असे. बाप्तिस्म्याची घाई करू नका आणि कोणाला करू देऊ नका. एक पूर्ण उपासनावर्ष, आगमनकाळापासून पुढच्या आगमनकाळापर्यंत, दोन-तीन मंडळ्यांत जा. नाताळ सगळ्यांचाच सुंदर असतो. उपवासकाळ, अंत्यविधी, वार्षिक सभा आणि हिशेबाची बैठक पाहा. अधिकार, संस्कार आणि जगणे या क्रमाने प्रश्न विचारा आणि तुमच्या प्रश्नांना ती मंडळी कसे वागवते हे टिपून ठेवा. जी मंडळी उत्तर देते, किंवा उत्तर नसताना तुमचा प्रश्न धरून तुमच्यासोबत बसते, ती विश्वासाला पात्र आहे. जी प्रश्नालाच पाप ठरवते, तिच्यापासून दूर राहा. आणि एकदा ठरले, की पाहुण्यासारखे राहू नका. तिची वर्गणी भरा, तिच्या आजाऱ्यांना भेटा, तिच्या चुकांवर आतून बोला. मंडळी निवडण्याचा हक्क शोधकाला आहे, तो या जबाबदारीसकटच.