हातचा कुठे हरवतो?

सेहेचाळीस आणि सत्तावीस यांची बेरीज तोंडी करायची आहे. सहा आणि सात तेरा, त्यातले तीन मांडायचे, एक हातचा. तो हातचा डोक्यात धरून ठेवत चार आणि दोन सहा करायचे, मग त्यात तो मिळवायचा. उत्तर त्र्याहत्तर. हे सगळं दोन-तीन सेकंदांत उरकतं. त्यात बेरीज सोपी असते, कस लागतो तो हातचा सांभाळताना.

अमेरिकेतल्या क्लीव्हलँड स्टेट विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ मार्क अ‍ॅशक्राफ्ट यांनी गणिताच्या भीतीचा माग काढला तो याच जागी. एलिझाबेथ कर्क यांच्यासोबत २००१ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात त्यांनी विद्यार्थ्यांना आधी काही अक्षरं लक्षात ठेवायला सांगितली, मग बेरीज करायला लावली आणि शेवटी ती अक्षरं परत म्हणून दाखवायला सांगितली. बिनहातच्याच्या बेरजेत गणिताला घाबरणारे आणि न घाबरणारे यांच्यात विशेष फरक पडला नाही. हातचा आला आणि लक्षात ठेवायची अक्षरं वाढली, तशा घाबरणाऱ्यांच्या चुका झपाट्याने वाढल्या.

याचं कारण आपल्या वर्किंग मेमरीत आहे. चालू कामापुरती माहिती धरून ठेवणारी ही स्मरणशक्ती म्हणजे अगदी लहान पाटी. एका वेळी तिच्यावर तीन-चार गोष्टी मावतात. हातचा तिथेच लिहिलेला असतो. ‘मला येणार नाही’, ‘सगळ्यांचं झालं, माझंच राहिलं’, ‘बाबा काय म्हणतील’ ही वाक्यंही त्याच पाटीवर येऊन बसतात आणि हातचा पुसला जातो. मुलाला बेरीज येत असते. त्या क्षणी ती करायला जागा उरलेली नसते. उत्तर चुकतं, चुकलं म्हणून भीती वाढते, भीती वाढली म्हणून सराव टळतो आणि सराव टळला म्हणून पुढच्या वेळी खरंच येत नाही. दोन-तीन वर्षं हे चाललं की घरात निकाल लागलेला असतो, ‘याचं गणित कच्चं आहे.’

ही भीती शरीरातही दिसते. मानसशास्त्रज्ञ इयन लायन्स आणि शिआन बायलॉक यांनी २०१२ मध्ये गणिताला घाबरणाऱ्या प्रौढांच्या मेंदूचं स्कॅनिंग केलं. शारीरिक वेदना जाणवताना मेंदूचे जे भाग जागे होतात, त्यांतले काही ‘आता गणित येणार’ अशी खूण दिसताच जागे झाले. प्रत्यक्ष गणित सोडवताना मात्र तसं झालं नाही. गणिताच्या तासाला पोट दुखतं म्हणणाऱ्या मुलाला आपण नाटकी ठरवतो. त्याने तसं म्हणणं मला तरी खोटं वाटत नाही.

भीती कमी करता येते का? स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या विनोद मेनन यांच्या गटाने तिसरीच्या मुलांना आठ आठवडे एकास एक शिकवणी दिली. ज्या मुलांना आधी जास्त भीती वाटत होती, त्यांची भीती उतरली आणि मेंदूतल्या अमिग्डाला या भयाशी निगडित भागातली खळबळही शमली. हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. मला त्यातली मोलाची गोष्ट ही वाटते की मुलांना कुणी धीराचे शब्द ऐकवले नव्हते. शांतपणे, एकेका मुलाच्या गतीने गणित शिकवलं होतं. गणित येऊ लागलं, भीती ओसरली.

परीक्षेआधी दहा मिनिटं मनातली चिंता कागदावर लिहून काढा, गुण वाढतील, असा एक उपाय अलीकडे फार सांगितला जातो. त्याचं मूळ २०११च्या एका संशोधनात आहे. नामांकित नियतकालिकांतले प्रयोग पुन्हा करून पाहण्याचा मोठा उपक्रम झाला, त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. त्यात हा प्रयोगही होता आणि तो टिकला नाही. लिहून मन मोकळं होत असेल तर जरूर लिहावं, पण त्याने अपूर्णांक येणार नाहीत.

आता हातच्याची दुसरी गोष्ट, ब्राझीलमधल्या रेसिफे शहराची. तिथे रस्त्यावर नारळ, फळं विकणाऱ्या नऊ ते पंधरा वर्षांच्या पाच मुलांकडे मानसशास्त्रज्ञ तेरेझिन्या नुनेस आणि त्यांचे सहकारी गिऱ्हाईक बनून गेले. बारा वर्षांच्या एका मुलाला चार नारळांची किंमत विचारली. एक नारळ ३५ क्रुझेरोंचा. त्याने तीन नारळांचे १०५ धरले, त्यात आधी ३० मिळवले, मग उरलेले, आणि १४० सांगितले. पुढे त्याच मुलाला कागदावर ३५ गुणिले ४ सोडवायला दिलं. चार पाचा वीस, हातचे दोन. दोन आणि तीन पाच, पाच चोक वीस. त्याने लिहिलं २००. हातचा गुणाकार झाल्यावर मिळवायचा, तो त्याने आधीच मिळवला. नियम पाठ होता, त्यातला अर्थ निसटला होता. रस्त्यावर या मुलांची ९८ टक्के उत्तरं बरोबर आली, शाळेच्या पद्धतीने मांडलेल्या नुसत्या आकडेमोडीत ३७ टक्के. हा अभ्यास १९८५चा.

चाळीस वर्षांनी तोच प्रश्न आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर विचारला गेला. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर दुफ्लो आणि सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या चौदाशेहून अधिक मुलांची पाहणी केली. २० रुपये किलोचे ८०० ग्रॅम बटाटे, १५ रुपये किलोचे एक किलो ४०० ग्रॅम कांदे, दोनशेची नोट, किती परत? १६ आणि २१ मिळून ३७, परत १६३. मुलं हे कागद-पेन्सिल न घेता सांगत होती. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने कागदावर भागायला दिलं, तेव्हा जेमतेम एक तृतीयांश मुलांना ते जमलं. जवळच्या शाळांतल्या, बाजारात काम न करणाऱ्या मुलांचं उलट झालं. ती कागदावर बरी होती आणि बाजारातल्या हिशोबात अडखळली. २०२५च्या फेब्रुवारीत ‘नेचर’मध्ये आलेला हा अहवाल प्रत्येक गणित शिक्षकाने वाचावा असा आहे. डोकं दोन्हीकडे होतं, दोघांना जोडणारा पूल कुणी बांधला नव्हता.

एवढं माहीत झाल्यावर दहावीच्या निकालानंतर आपल्या घरांत जे बोललं जातं ते ऐकवत नाही. गणितात काठावर पास, म्हणजे ‘सायन्स विसर’. गणित राहिलं, म्हणजे ‘आता पुढे काय करणार?’ पंधरा वर्षांच्या मुलाला तो एक आकडा आयुष्याचा आकडा वाटू लागतो. २०२४ मध्ये राज्याच्या अभ्यासक्रम आराखड्याच्या निमित्ताने एक प्रस्ताव चर्चेत आला होता. गणित आणि विज्ञानात ३५ऐवजी २० गुण मिळाले तरी मुलाला अकरावीला जाऊ द्यावं, मात्र त्याने पुढे हे विषय घेऊ नयेत असा शेरा गुणपत्रिकेवर असावा. एका विषयापायी मुलाचं शिक्षण थांबू नये हा हेतू चांगला आहे आणि मला तो पटतो. पण शेरा मारल्याने चौथीत राहून गेलेला भागाकार भरून निघत नाही.

तो भागाकार मोठ्या संख्येने राहून गेला आहे. ‘प्रथम’ संस्थेच्या २०२३च्या ‘असर’ पाहणीत ग्रामीण भारतातल्या १४ ते १८ वयाच्या मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागायला दिलं होतं. ४३.३ टक्के मुलांना ते आलं. म्हणजे दहावीच्या बीजगणितात अडकलेली पुष्कळ मुलं खरं तर बीजगणितात अडकलेलीच नसतात. गणितात प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर उभी असते. अपूर्णांक कच्चे राहिले की गुणोत्तर डळमळतं, गुणोत्तर डळमळलं की टक्केवारी, त्रिकोणमिती, भौतिकशास्त्र सगळंच डोक्यावरून जातं. इतिहासाचा एखादा धडा राहिला तर पुढचा वाचता येतो, इथे तशी सोय नाही.

मग नोकरीधंद्याला गणित लागतं तरी किती? अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ मायकेल हँडल यांनी नोकरदारांना विचारून पाहिलं. कामावर कुठलं ना कुठलं गणित जवळपास सगळेच वापरत होते. अपूर्णांक, टक्केवारी यांच्या पलीकडचं गणित वापरणारे मात्र एक चतुर्थांशाहूनही कमी निघाले. ही आकडेवारी तिकडची, पण आपल्या भोवती पाहिलं तरी चित्र असंच दिसतं. वॉर्डातल्या सिस्टरना ५०० मिली सलाईन चार तासांत द्यायचं आहे. सेटमधून एका मिलिलिटरला २० थेंब पडतात. ५०० गुणिले २० म्हणजे १०,००० थेंब, भागिले २४० मिनिटं. मिनिटाला साधारण ४२ थेंब. यात कलनशास्त्र नाही, सातवीचं गणित आहे, आणि ते चुकून चालणारं नाही. दुकानातलं उदाहरण घ्या. बिलाची रक्कम १,१८० रुपये, त्यात १८ टक्के जीएसटी धरलेला. मूळ किंमत किती? घाईघाईत १,१८०चे १८ टक्के काढून वजा केले तर ९६७ रुपये ६० पैसे येतात आणि हिशोब चुकतो. १,१८०ला १.१८ने भागायचं, उत्तर १,०००.

गणित नको म्हणून आर्ट्सला गेलेल्या मुलांची गाठ या गणिताशी पुन्हा पडते, तीही ऐन गरजेच्या वेळी. पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेत अंकगणित आहे, तलाठी भरतीत आहे, बँकेच्या परीक्षांत आहे, राज्यसेवेच्या पूर्वपरीक्षेतल्या सीसॅटमध्ये आहे. काळ-काम-वेग, नफा-तोटा, सरासरी, शेकडेवारी. बहुतांशी अभ्यासक्रम पाचवी ते आठवीचा. पंचवीस वर्षांची मुलं शहरातल्या अभ्यासिकांमध्ये बसून तो पुन्हा शिकतात आणि बऱ्याच जणांना तो तेव्हा येतो, कारण आता त्यांना तो कशासाठी हवा हे माहीत असतं.

म्हणून गणितात कच्च्या असलेल्या आणि भविष्याच्या काळजीने झोप उडालेल्या मुलाला मी सांगेन की तुला भीती घालणारं गणित आणि तुझं पोट भरणारं गणित बहुतांशी वेगवेगळं आहे. पोट भरणारं गणित दुरुस्त होण्याजोगं आहे. इंजिनीअर किंवा संख्याशास्त्रज्ञ व्हायचं असेल तर त्यापुढचंही लागेल, त्यासाठीही रस्ता इथूनच सुरू होतो. गणितातला फील्ड्स पुरस्कार मिळवणाऱ्या पहिल्या महिला मरियम मिर्झाखानी यांना माध्यमिक शाळेच्या पहिल्या वर्षी गणितात कमी गुण पडले होते. या विषयाची खास जाण त्यांच्याकडे नाही, असं त्यांच्या शिक्षकांना वाटलं होतं. पुढच्या वर्षी शिक्षक बदलले, चित्र बदललं.

आई-वडिलांनी काय करावं? २०१५च्या एका अमेरिकी अभ्यासात दिसलं की स्वतः गणिताला घाबरणारे पालक मुलांचा गणिताचा गृहपाठ वारंवार घेत, तेव्हा ती मुलं वर्षभरात कमी शिकत आणि त्यांची भीती वाढे. ‘आमच्या घरात कुणालाच गणित जमलं नाही’ हे वाक्य आपण मुलाच्या समाधानासाठी म्हणतो, ते त्याला वारसा म्हणून मिळतं. मुलींना तर त्यापुढे ‘मुलींना गणित जरा जडच’ हेही ऐकावं लागतं. ही दोन्ही वाक्यं घरातून काढून टाकावीत.

सराव हवा, पण घड्याळ आणि गुण नसलेला. देवळालीच्या शाळेत शिकवणारे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी त्यासाठी एक सुंदर गोष्ट देऊन ठेवली आहे. चार अंकी कोणतीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. समजा ३५२४. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून मोठीतून लहान वजा करा. ५४३२ वजा २३४५, ३०८७. पुन्हा ८७३० वजा ०३७८, ८३५२. पुन्हा ८५३२ वजा २३५८, ६१७४. याच्या पुढे कितीही वेळा करा, ६१७४च येतं, आणि सुरुवात कुठूनही केली तरी फार तर सात पायऱ्यांत तिथे पोचता. मध्ये कुठे चुकलं तरी वाट बहुधा पुन्हा तिथेच येते, कुणाला वही दाखवावी लागत नाही. हातच्याच्या वजाबाकीचा यापेक्षा चांगला सराव मला ठाऊक नाही.

एवढं करूनही काही मुलांना संख्यांचा अंदाजच येत नाही. सात मोठे की नऊ, हेसुद्धा बोटं मोजून ठरवावं लागतं. त्यांना डिस्कॅल्क्युलिया असू शकतो. तो आळस नव्हे आणि मंदपणाही नव्हे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतांमध्ये त्याचं नाव आहे आणि तपासणीअंती प्रमाणपत्र मिळालं तर परीक्षेत सवलती मिळतात. शंका असेल तर दहावीची वाट न पाहता शाळेशी बोलून तपासणी करून घ्यावी.

बाकीच्यांसाठी, बालभारतीची पाचवी ते आठवीची गणिताची पुस्तकं संकेतस्थळावरून मोफत उतरवून घेता येतात. दहावीचा निकाल आणि अकरावीचा प्रवेश यांच्या मधल्या आठवड्यांत शाखा कोणती घ्यायची याची चर्चा घरोघर चालते. तेव्हा मुलाला पाचवीच्या पुस्तकापासून सुरुवात करायला सांगा, शेजारी बसा आणि ते पहिल्यांदा कुठे अडखळतं हे पाहा. शाखा त्यानंतर ठरवा.